गोजरबाईचा मोगरा

मोताळ्याजवळच्या एका गावात कडूबाची वांगी बाजारात नावाजलेली होती. पण त्याच्या बायकोचं, गोजरबाईचं, नाव निघायचं ते लग्नसराईत. मोट जिथं रिकामी व्हायची त्या थारोळ्यातून सांडणाऱ्या पाण्यावर तिनं मोगऱ्याची एक ओळ लावली होती. सासू म्हणायची, "फुलानं पोट भरते का वो?" गोजरबाई हसायची आणि पुढच्या आळ्याची माती हलवायला लागायची.

थंडीत ती झाडांचं पाणी तोडायची, फांद्या छाटायची. उन्हं तापू लागली की पाणी सोडायची, आणि मग झाडं कळ्यांनी लगडायची. संध्याकाळी उमलणारी कळी तिला दुपारीच ओळखू यायची. खुडलेल्या कळ्या ओल्या फडक्यात, फडकं पळसाच्या पानांवर, आणि ती टोपली दोरानं विहिरीत, पाण्याच्या जरा वर टांगलेली. गोरज मुहूर्तावर अंतरपाट खाली आला की हार गळ्यातच उमलला पाहिजे, असा तिचा हट्ट. गावात कुणीही फांदी मागितली की ती काढून द्यायची, वर रोज पाणी घालायची तंबी द्यायची.

महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. वैशाखात गावातल्या मोतीरामच्या मुलीचं, रुख्मिणीचं, लग्न ठरलं, आणि लग्नाच्या आदल्या दुपारी गारा पडल्या. गोजरबाई शेतात गेली तेव्हा सगळ्या कळ्या चिखलात होत्या. ती क्षणभर खाली बसली. कडूबा म्हणाला, "राहू दे. नांदुऱ्याहून आनतीन ते कागदाचे हार."

"माह्या जीवात जीव असताना कागदाचे?" म्हणत ती उठली.

दुसऱ्या दिवशी ऊन चढल्यावर ती दारोदार फिरली. कुठे ओंजळभर कळ्या मिळाल्या, कुठे नुसता मरवा. भरघोस झाड एकच वाचलं होतं, गोठ्याच्या पत्र्याखालचं. पण ते अर्जुनरावाच्या घरी. अर्जुनराव म्हणजे मोतीरामचा थोरला भाऊ. शेताच्या बांधावरून दोघांचं बोलणं बंद होतं, लग्नाचं बोलावणंही आलं नव्हतं. गोजरबाई दारात थबकली, मग आत गेली.

"काऊन वो, एवढ्या उन्हात?" अर्जुनरावाच्या बायकोनं, कौशल्याबाईनं, विचारलं.

"कळ्या पायजेत. रुख्मीच्या हाराले."

ओसरीवरून अर्जुनराव गरजला, "आमच्या घरचं फूल त्या मांडवात नाही जानार!"

गोजरबाईनं पाय मागे घेतला नाही. "दादा, बांधाचं तुमचं तुम्ही पाहा. पोरीनं तुमचा बांध कोरला का?"

अर्जुनराव ओसरीवरून उठला. खांद्यावरचा शेला झटकून बाहेर निघून गेला. कौशल्याबाई त्याच्या पाठीकडे पाहत राहिली आणि पदर खोचून झाडाशी गेली. कळ्या खुडता खुडता म्हणाली, "पाच वर्साची होती, तवा माह्याच कुशीत निजे. चाल, मीच घेऊन येतो."

केळीच्या सोपाच्या धाग्यात दोघींनी मिळून हार ओवले. नेहमीपेक्षा बारीक झाले. मधेमधे मरवा गुंफून गोजरबाईनं भर घातली. नवरदेवाकडच्या एका बाईनं नाक मुरडलंच. पण मोठी माय, कौशल्याबाई, हार घेऊन आलेली पाहताच रुख्मिणी तिच्या गळ्यात पडली. मोतीरामची बायको पुढं झाली आणि जावेला हाताला धरून आत घेऊन गेली.

मंगलाष्टकं सुरू झाली तेव्हा मांडवाच्या शेवटच्या खांबाशी अर्जुनराव उभा होता, मुठीत अक्षता घेऊन. भावाशी तो बोलला नाही. बांधाचा वाद तर पुढेही कितीतरी वर्षं चालला. पण अंतरपाट खाली आला, हार गळ्यात पडले आणि मोगऱ्याचा घमघमाट सुटला, तेव्हा त्यानं डोळे पुसलेले गोजरबाईनं पाहिले. गोरजेला कळ्या उमलल्या होत्या. तिनं तिथंच जमिनीवर बसकण मारली आणि दिवसभरात पहिल्यांदा पाणी मागितलं.

त्यानंतर गावातल्या मुलींच्या आया तिथी काढायच्या आधी मोगरा कधी बहरेल ते विचारायला गोजरबाईच्या शेतावर जाऊ लागल्या.