टीचरांवर जळण्याचे दिवस

टीचरांच्या गोष्टीत कोणी दिसायला कसंच नसे. राजकन्या गोरी नाही, राक्षस ढेरपोट्या नाही, चेटकिणीच्या नाकाचा तर उल्लेखच नाही. मुलांनी विचारलंच, "टीचर, राजकन्या कशी होती?", तर त्या म्हणत, "मला काय विचारता? तुम्हाला दिसली ना? सांगा." मग एकीची राजकन्या चष्मेवाली निघे, एकाची पुढचे दात पडलेली, आणि एकदा तर हुबेहूब मासे विकणाऱ्या आत्यासारखी.

टीचर दादरच्या ख्रिस्ती कुटुंबातल्या, बालवाडीतून निवृत्त झालेल्या. आडनाव होतं, पण ते वापरायची गरज कोणाला पडली नाही. दर शनिवारी दुपारी नायगावला आमच्या बीडीडी चाळीत, मंडळाच्या खोलीत, त्या गोष्ट सांगत. मुलं बाहेर पॅसेजपर्यंत बसत. मी मुलांचा लेखक, तीन छापील पुस्तकं नावावर, आणि तिथे माझं काम सतरंजी घालण्याचं. मी जळायचो. त्यांना खोकला आला की वाटायचं, आता तरी मुलं चुळबुळ करतील. मुलं पळत जाऊन पाणी आणायची.

एकदा माझं पुस्तक मी त्यांना वाचायला दिलं. परत आलं तेव्हा 'जाड्या', 'काळीकुट्ट', 'हडकुळा' अशा शब्दांखाली पेन्सिलीची बारीक रेघ. "एवढं सोडून वाचलं," त्या म्हणाल्या. "छान आहे. थोडं लहान झालं, इतकंच."

मग त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं आणि एक शनिवार माझ्या हाती लागला. मी माझी लाडकी गोष्ट काढली. जाडा गोलू दहीहंडीत कायम खालच्या थरात. मग तो रोज धावतो, बारीक होतो आणि थेट वरच्या थरावर चढतो. मुलं जांभया द्यायला लागली, तेव्हा मी गाल फुगवून, पोट पुढे काढून गोलूसारखं चालून दाखवलं. खोली हसून लोळली. सगळ्यात मोठ्यानं हसली तिसऱ्या मजल्यावरची सानिका, नऊ वर्षांची, अंगानं भरलेली. त्या हसण्यावर मी पुढचा आठवडाभर फुशारक्या मारल्या.

टीचर काळा चष्मा लावून परत आल्या. "सानिका कुठाय?"

"ती नाय येत," एक पोरगा म्हणाला. "सगळे तिला गोलू बोलतात. शाळेत डबा पण खात नाय ती."

टीचर मला ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "चल रे, जिना चढायला हात दे."

सानिका भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिच्या आईनं न उघडलेला डबा आमच्यापुढे ठेवला. मी घाईघाईनं म्हणालो, "अगं, तू कुठे जाड आहेस?"

"गप्प बस," टीचर म्हणाल्या. "ती कशी आहे ते तिला माहितेय. तू कसा आहेस ते सांग."

मी फरशीवर बसलो. "मी टीचरांवर जळतो. मुलं त्यांचंच ऐकतात. माझं ऐकावं म्हणून तो चाळा केला."

सानिका वळली. "मोठी माणसं पण जळतात?"

"मग! मी याच्यावर जळते," टीचर म्हणाल्या. "याचं नाव छापून येतं. मी सांगते ते हवेत जातं."

हे मलाही नवीन होतं. सानिकानं आळीपाळीनं आम्हा दोघांकडे बघितलं आणि आईला म्हणाली, "यांना चहा दे. मला पण. खारी आहे का?"

पुढच्या शनिवारी टीचरांनी मला सगळ्या मुलांसमोर उभं करून तेच परत सांगायला लावलं. सानिका पहिल्या रांगेत होती. त्या दिवसापासून चाळीत 'गोलू' हे नाव माझं झालं. अजून आहे.

चाळ पाडायला काढली तेव्हा टीचर वसईला भाचीकडे गेल्या आणि तिथेच वारल्या. आता आम्ही टॉवरमध्ये राहतो, आणि शनिवारची गोष्ट कॉलेजात जाणारी सानिका सांगते. परवा मी विचारलं, "एक शनिवार मी घेऊ का गं?"

"मुलांना विचारते, काका." तिनं खरंच विचारलं. मुलं नको म्हणाली.

टीचर निदान माझ्यावर जळायच्या. ही पोरगी तेवढंही करत नाही.