रॉकवाल्याले नेलेला तवा

हसू नका, असं म्हणत नाही मी. हसाच. फक्त आधी चहा संपवा, नाहीतर नाकातून येईल अन् मंग मलेच बोल लावान.

माह्या हातून असा घोटाळा झाला बाप्पा, की अजूनही रोहिणखेडात मी दळण घेऊन निघाली तरी पोट्टे विचारतात, "आजी, तवा घेतला का?"

माही नात पल्लवी, थोरल्या पोराची पोरगी, बुलढाण्याले कॉलेजात शिकते. रविवारी घरी आली की माह्याजवळ बसून तूर निवडते अन् फोनवर गाणे लावते. गाणे कसले, आरडाओरड! पहिल्या दिवशी तर मी म्हणलं, "काऊन ओरडून राह्यला बे हा? विंचू चावला का त्याले?"

"आजी, रॉक आहे हे!"

"असू दे. पण कोणी पाणी द्या त्याले."

तो होता निखिल नावाचा पोरगा अन् त्याच्या बँडचं नाव 'भोंगा'. नाव मात्र बरोबर ठेवलं होतं.

मंग एका रविवारी पल्लवीनं त्याच पोराचा दुसरा अल्बम लावला. अन् तुम्हाले काय सांगू, माहा हात सुपातच थांबला! आवाज तोच, नवा सुंभ मुठीतून ओढावा तसा खरखरीत. पण आता तो ओरडत नव्हता, बोलत होता. एका गाण्यात ढोल नाही, काही नाही, नुसता तो अन् गिटारची एक तार. मधेच खुर्ची करकरते. ती करकर त्यानं काढून नाही टाकली, राहू देल्ली! मले ते लय आवडलं. आपल्याच ओसरीवर बसून कोणी गाऊन राह्यलं असं वाटलं. दुसऱ्या गाण्यात म्हणते, चावी खिशात आहे, पण दार कोणतं ते आठवत नाही. मी पदर डोळ्याले लावला.

पल्लवी म्हणे, "आजी, रडतेस काय? खडे तसेच राह्यले तुरीत."

शाळेचं तोंड मी पाह्यलं नाही, पण एकदा कानात गेलं की माह्या डोक्यातून निघत नाही. थोड्याच दिवसात सगळे गाणे पाठ! कोणत्या गाण्यामागून कोणतं येते, कुठी तो दम घेते, कुठी मुद्दाम थांबते, सगळं. गाय दोहताना मी तेच गुणगुणत होती. गाईनंही काही तक्रार केली नाही.

पण एक गोष्ट मले खटकत होती. "पल्लवे, पहिले तर याच्यासंगं अजून तिघं जणं धडाधडा वाजवत होते. ते कुठी गेले?"

"ते बँडवाले, आजी. हा त्याचा सोलो अल्बम आहे. एकट्याचा."

"एकट्याचा? म्हणजे वेगळा निघाला?"

पल्लवीचं तोंड फोनमधे. म्हणे, "हो, तसंच समज."

झालं! मी तसंच समजली.

आता आमच्याकडे वेगळं निघणं म्हणजे काय, तुम्हाले माहीत आहे. भावाभावात वाजते, चूल वेगळी होते, मंग बाया विहिरीवर एकमेकीकडे पाहत नाहीत. माह्या डोळ्यापुढं सगळं उभं राह्यलं. त्या तिघायनं या लेकराले घराबाहेर काढलं असल. म्हणूनच तर दार आठवत नाही त्याले!

अन् त्याच वेळी आमच्या घरात हीच गोष्ट पेटलेली. माही धाकटी सून वर्षा अंगणवाडीत कामाले जाते. सकाळी लवकर निघावं लागते तिले. आमच्या एवढ्या मोठ्या घरचा स्वयंपाक होईस्तोवर तिची वेळ होऊन जाते, अन् ती अर्धपोटी जाते. म्हणून मागच्या दोन खोल्यायत आपला गॅस वेगळा मांडायचं तिनं विचारलं. थोरलीनं हो म्हणलं, दोन्ही पोरायनं हो म्हणलं. मी म्हणलं, "मी जिती आहे तोवर या घरात दोन चुली पेटणार नाही!"

आमच्या सासरची एक रीत आहे. जो वेगळा निघते, त्याले घरातल्या म्हाताऱ्या बाईनं आपल्या हातानं तवा द्यायचा. तवा देल्ला म्हणजे परवानगी देल्ली. मले माह्या सासूनं कधी देल्ला नाही, म्हणून मीही वर्षाले देऊन नाही राह्यली. न्याय पहा माहा!

तेवढ्यात पल्लवी बातमी घेऊन आली. निखिल त्यायच्या कॉलेजच्या गॅदरिंगमधे गाणार, अन् तिच्याजवळ दोन पास.

"आजी, चालतेस?"

चालतेस काय विचारते! पण रिकाम्या हातानं जावं कसं? लेकरू नवीन वेगळं निघालेलं, त्याच्या घरात ना म्हातारी, ना कोणी. त्याले तवा कोण देईल? मीच देईन! माळ्यावर एक कोरा तवा दिसला, पेपरात गुंडाळलेला. थोरलीनं कधी आणला असल म्हणलं, अन् टाकला पिशवीत. वरून ज्वारीचं पीठ.

एसटीत पल्लवीले पिशवी जड लागली, तर मी म्हणलं, पानाचा डबा आहे.

कॉलेजच्या गेटवर एक लंबाचौडा गार्ड. त्यानं पिशवीत हात घातला अन् एकदम मागं सरकला.

"आजी, हे काय हाय?"

"तवा."

"लोखंड अंदर नाही चालत."

"काऊन? मी काय कोणाले मारू का त्यानं?"

"मारता येते ना, आजी. माही बायको..." अन् त्याचा हात आपोआप कपाळावर गेला.

पल्लवी तर मले ओळख देईना. मी गार्डले समजावलं, की हे आतल्या गाणेवाल्या पोरासाठी आहे, लेकरू वेगळं निघालं. त्यानं डोकं खाजवलं. तवा जप्त करावा का आत सोडावा, हे त्याले ठरवता येईना. शेवटी मले अन् तव्याले घेऊन तो थेट स्टेजमागच्या तंबूतच गेला. पल्लवी मागून धावत, "आजी, नको ना! आजी!"

अन् समोर निखिल! केस मानेपर्यंत, हातात पोह्याची प्लेट. मी त्याले सगळा अल्बम सांगितला, गाण्यामागून गाणं. खुर्चीची करकर सांगितली. तर त्यानं प्लेट खाली ठेवली.

"आजी, ती करकर तुम्हाला आवडली? सगळे म्हणत होते काढून टाक."

"काढू नको बाबू. माणूस बसलेला कळते तिच्यानं."

मंग मी तवा काढला. "घे. वेगळा निघालास तर निघालास. उपाशी नको राहू."

तो तव्याकडे पाहते, माह्याकडे पाहते. काय समजला देव जाणे! "आजी," म्हणे, "हे तुम्ही वर येऊनच बोला." अन् हात धरून मले स्टेजवर! समोर पोरंच पोरं, तोंडापुढं माईक. आयुष्यात मी हळदीकुंकवात सुद्धा उभी राहून बोलली नव्हती. पण त्या तिघायचा राग पोटात होता ना!

"ए भोंगेवाल्यायनो," मी म्हणलं, "जिथं असान तिथं ऐका! लेकरू वेगळं निघालं म्हणजे तुटलं का? चूल वेगळी झाली तरी धूर एकाच आभाळात जाते! अडवून धरता काऊन? जो मोठा असते त्यानं आपल्या हातानं तवा द्यावा अन् म्हणावं, पेटव बाप्पा तुही चूल, अन् पोटभर जेव!"

काय त्या शिट्ट्या! काय त्या टाळ्या! मले वाटलं, भावभाव आता एक होतात.

तेवढ्यात मागून ढोल वाजवणारा पोरगा उठला. म्हणे, "आजी, आम्हीच ते भोंगेवाले."

मी वळून पाह्यलं. ढोलवाला, गिटारवाला अन् अजून एक, तिघंही दात काढून उभे!

"मंग तुमचं भांडण?"

"कसलं भांडण, आजी? त्याला हळू गाणी करायची होती, आम्हाला ओरडायचं होतं. रोज कटकट व्हायची. आता तो त्याची करतो, आम्ही आमची. स्टेजवर मात्र एकत्रच वाजवतो. आत्ता पोहेही एकत्रच खाल्ले की!"

पृथ्वी फाटली असती तर मी तव्यासकट आत गेली असती! पण निखिलनं तवा काही परत देल्ला नाही. दोरीनं बांधून माईकजवळ लटकवला अन् शेवटच्या गाण्यात काठीनं वाजवला. टण्ण! असा गोड आवाज की मीही मान डोलावली. ढोलवाला म्हणे, "आजी, हा तवा आता आमच्याकडेच राहणार."

घरी निघालो. म्हणलं, कोणाले सांगायचं नाही. पण आमची एसटी राजूर घाट उतरली नाही, तर व्हिडिओ घरी पोचलेला! साऱ्या ग्राउंडनं काढला होता ना तो!

दारातच थोरली उभी, तोंडाले पदर लावून. ओसरीवर वर्षा, हातात फोन. अन् फोनमधून माहाच आवाज, "अडवून धरता काऊन? जो मोठा असते त्यानं आपल्या हातानं..."

"बंद कर ते," मी म्हणलं.

"आत्याबाई," वर्षा एकदम शांतपणे म्हणे, "चूल तर तुम्ही सगळ्या बुलढाण्यासमोर देऊन टाकली. त्याच्याबद्दल मी काही बोलत नाही. फक्त एवढं सांगा, माह्या माहेरून आलेला तवा त्या गाणेवाल्याजवळ कसा गेला?"

"तुहा?"

"माह्या आईनं पाठवला होता. तुम्ही कधी तरी हो म्हणान म्हणून मी माळ्यावर झाकून ठेवला होता."

हजार लोकायपुढं बोलणारी मी, सुनेपुढून सरळ मोरीत पाय धुवायले पळाली!

दुसऱ्या दिवशी मी एकटी मोताळ्याले गेली. सगळ्या दुकानायत तवे वाजवून पाह्यले. टण्ण वाजला तोच घेतला अन् वर्षाच्या हातात देल्ला. आता सकाळी तिची भाकर पहिले होते. तव्यावरची गरम मले आणून देते, अन् वर थोरलीकडची दुपारी आहेच. दोन चुलीचा फायदा असा असते, हे मले कोणी आधी सांगितलंच नाही.

पण वर्षानं एक बदला घेतला. माहं ते भाषण तिनं फोनच्या रिंगले लावून ठेवलं. अंगणवाडीतून फोन आला, की सगळ्या गल्लीत मी ओरडते, "पेटव बाप्पा तुही चूल!"

अन् पल्लवी म्हणते, "आजी, कशाले चिडतेस? हाच तर तुहा सोलो!"