मागच्या सीटवर

लग्न होऊन मी लालबागच्या चाळीत आले, तेव्हा हे गिरगावातल्या एका छापखान्यात सायकलवर ने-आणीचं काम करायचे. तिथे एक दैनिक छापलं जाई. सभेच्या ठिकाणाहून मजकूर आणायचा, फोटोंचे ब्लॉक दुसरीकडून तयार करून आणायचे, हे यांचं काम. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने जोर धरला होता आणि बातमी सायकलच्या वेगाने येऊन भागत नव्हतं. छापखान्याकडे एक मोटरसायकल होती, लढाई संपल्यावर लष्कराने लिलावात काढलेली. ती चालवणारा माणूस आता निवृत्त व्हायला आला होता. मालकाने यांना बोलावून सांगितलं, परवाना काढ, ही गाडी तुझी आणि नोकरी कायमची.

तो निवृत्त होणारा माणूस गिरगावातल्या एका जुन्या ख्रिस्ती कुटुंबातला. छापखान्यात त्यांना सगळे उस्ताद म्हणत. शिकवायचं काम त्यांच्याकडेच आलं, पण ते खूश नव्हते. एका रविवारी आमच्याकडे जेवायला आले, तेव्हा माशाच्या कालवणावर बोट थांबवून यांना म्हणाले, "जी गाडी पडल्यावर एकट्याने उभी करता येत नाही, ती शिकणाऱ्याची गाडी नाही. आधी हलकी घे, हात बसू दे." मग मला समजावून सांगितलं की परवाना सगळ्या मोटरसायकलींना एकच असतो. हलक्या गाडीवर परीक्षा दिली तरी दुसऱ्या दिवशी भारी गाडीवर बसायला कायदा आडवा येत नाही. त्यांना भीती वाटायची ती याचीच.

ओळखीच्या गॅरेजमधून त्यांनी एक लहानशी गाडी मागून आणली. शिकाऊ परवाना हाती आला आणि गाडीच्या पुढेमागे पांढऱ्या पत्र्यावर लाल रंगातलं इंग्रजी एल अक्षर लागलं. उस्तादांचा दंडक असा की ते अक्षर असेपर्यंत मागे फक्त शिकवणारा बसेल. बायको नाही, मित्र नाही, कोणी नाही. वडाळ्याला मिठागरांकडे जाणाऱ्या मोकळ्या रस्त्यावर दोघे सकाळी जात. हे घरी येऊन मला कळशी आणि उलथणं मांडून दाखवत, क्लच इथे, ब्रेक इथे. मला हसू यायचं. सासूबाई हसत नसत. एकदा चाळीखाली गाडी उभी होती, तेव्हा त्या गॅलरीतून आत आल्या आणि म्हणाल्या, "ती लाल पाटी माका बघवत नाय." एवढं बोलून तांदूळ निवडायला बसल्या.

मग गॅरेजवाल्याने गाडी परत मागितली. मालकाला घाई होती. यांना भारी गाडीवर बसावं लागलं. पहिल्याच आठवड्यात ती वळणावर आडवी झाली आणि सायलेन्सरने यांची पोटरी भाजली. मी रोज खोबरेल लावायचे. जखमेच्या कडा काळ्या पडत चालल्या होत्या आणि बाहेरही दिवस काही बरे नव्हते. नाक्यावर पोलिसांच्या गाड्या जाळ्या लावून उभ्या असत. दुकानदार फळ्या अर्ध्याच उघडत. गिरणीचा भोंगा वेळेवर झाला तरी बायका कामं टाकून गॅलरीत येत, कारण आवाज कसलाही झाला तरी आधी घरातली माणसं मोजायची सवय लागली होती.

परीक्षेच्या दिवशी हे सकाळीच निघाले, उस्ताद मागे बसलेले. मी दही-साखर हातावर ठेवली. यांनी ती चाटली आणि हात धुवायचे राहिले, तसेच गेले.

दुपारी परळच्या बाजूने धूर दिसायला लागला. नंतर आवाज आले. एक, मग बराच वेळ काही नाही, मग लागोपाठ. चाळीचं फाटक कोणीतरी ओढून घेतलं. बाजूच्या खोलीतल्या काकू म्हणाल्या, गोळीबार चाललाय, नाक्यावर लोक पडलेत. सासूबाईंनी चूल विझवली आणि देवापुढे न बसता दाराच्या उंबऱ्यालाच बसल्या.

ऊन उतरल्यावर उस्ताद आले. चालत, एकटेच. सदऱ्याची बाही फाटलेली. जिना चढून त्यांनी मला विचारलं, "आला का तो?"

मी त्यांच्या मागे जिन्यात पाहिलं. त्यांना वाटलं होतं हे केव्हाच घरी पोचले असतील. मग भिंतीला टेकून त्यांनी सांगितलं ते असं. यांनी परीक्षा चांगली दिली. मैदानात आठाचा आकडा काढला, पाय जमिनीला लावला नाही, हाताचे इशारे चुकले नाहीत. साहेबाने पास केलं, पण परवान्याचा कागद मिळायचा होता, म्हणून लाल एल तसंच ठेवून दोघे परत निघाले. वाटेत रस्त्यावर दगडांचा खच. गाडी चालू ठेव म्हणून सांगून उस्ताद उतरले आणि पुढे वाट आहे का बघायला गेले. तेवढ्यात गल्लीतून चारपाच जण एका माणसाला उचलून घेऊन आले. पोटात गोळी लागलेली. टॅक्सी नाही, बस नाही, दिसली ती ही चालू गाडी. त्यांनी त्याला मागच्या सीटवर बसवलं, कोणीतरी आपलं धोतर सोडून त्या माणसाला यांच्या कमरेशी बांधलं आणि हॉस्पिटलात ने म्हणाले. यांनी उस्तादांकडे पाहिलं. उस्ताद लांब होते. त्यांनी फक्त हात हलवला, जा म्हणून.

हे आले ते दिवेलागणीला, गाडी ढकलत. फाटकातून आत येताना मला समोरून काही दिसलं नाही. जिन्यात पाठ वळली तेव्हा सदरा मानेपासून खालपर्यंत वाळून काळा झाला होता. सासूबाई सदऱ्याला हात लावायला पुढे झाल्या. हे म्हणाले, "माझं नाही ते, आई." मोरीत सदरा काढायला मीच मदत केली. तो पाठीला चिकटला होता, कोमट पाणी ओतून सोडवावा लागला. तेव्हा खालच्या आवाजात त्यांनी मला सांगितलं की हॉस्पिटलच्या दारात गाठ सोडली, तर माणूस गेलेला होता. वाटेत कुठे जीव गेला ते कळलं नाही.

परवाना आला. पाट्या काढल्या. नोकरी कायम झाली. हे जेवताना मधेच पाठ ताठ करून बसत.

शहर जरा शांत झाल्यावर एक बाई आमच्या दारात आली. हॉस्पिटलातून छापखान्याचं नाव मिळवून, विचारत विचारत वडाळ्याहून आली होती. माझ्याच वयाची, कपाळ मोकळं. मी चहा ठेवला. तिने तो घेतला नाही, हातात धरून बसली. यांना म्हणाली, "भाऊ, ते काही बोलले का?"

मला वाटलं, हे काहीतरी सांगतील. मुलांचं नाव घेतलं म्हणतील, पाणी मागितलं म्हणतील. मी मनात तसं घडवूनही ठेवलं होतं. 

"बोलत होते," हे म्हणाले. "माझ्या खांद्यावर तोंड होतं, बोलत होते ते कळत होतं. पण गाडीच्या आवाजात ऐकू आलं नाही ताई."

ती रडली नाही. कप खाली ठेवून तिने विचारलं, गाडी इथेच आहे का. आहे म्हटल्यावर म्हणाली, मला चालू करून दाखवा.

आम्ही खाली उतरलो. यांनी किक मारली. दोनदा लागली नाही, मग ती धडधडायला लागली आणि चाळीच्या चारी बाजूंनी आवाज परत आला. वरच्या गॅलऱ्या माणसांनी भरल्या. ती बाई मागच्या सीटजवळ उभी राहिली, मान किंचित कलती करून, जसं गर्दीत कोणाचं बोलणं ऐकतात तसं. आवाजात तिचे ओठ हलताना मला दिसले. काय म्हणाली ते यांनाही ऐकू आलं नाही, मलाही नाही. हे हँडल धरून उभे होते.

थोड्या वेळाने तिने हाताने खूण केली, पुरे. यांनी इंजिन बंद केलं. तिने पदर सारखा केला, मला येते म्हणाली आणि फाटकातून नाक्याकडे निघून गेली.