नातवाच्या बेसबॉलमागे तीन गावं

"मी येऊ का तुमच्याबरोबर?" असं मीच विचारलं. निखिल, माझा मुलगा, गृहीत धरून बसला होता की आई ते तीन दिवस सुनेबरोबर घरी राहील. तो जवळजवळ वीस वर्षं जर्मनीत आहे. गार्चिंगला संशोधनासाठी आला, मग उंटरश्लाइसहाइमला नोकरी लागली, तिथंच घर झालं. त्याचा मुलगा रोहन सतरा वर्षांचा आहे आणि बेसबॉल खेळतो. तिथं सगळे फुटबॉलमागे, आणि आमचा नातू या खेळात. मराठी त्याला सगळं समजतं, पण उत्तर जर्मनमध्ये येतं. तीन महिन्यांसाठी गेले होते, त्यातला एक महिना "या, आजी" आणि "नाइन, आजी", म्हणजे हो आणि नाही, एवढ्यावर गेला. खेळ बघायला गेले तर काही बोलणं होईल असं वाटलं.

मी सांगलीची. शाळा सातवीपर्यंत, पुढचं जे काही आलं ते वाचनालयातून. आमचे हे जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. बेसबॉलचं काहीच माहीत नव्हतं, म्हणून रोहनच्या कपाटातलं मुलांसाठीचं नियमांचं इंग्रजी पुस्तक घेतलं आणि शब्दकोश शेजारी ठेवून पंधरा दिवसांत वाचून काढलं. क्रिकेट माहीत असलेल्यांना दोन ओळींत सांगते. बॉलर म्हणजे पिचर, तो मातीच्या छोट्या उंचवट्यावरून चेंडू टाकतो आणि टप्पा पडत नाही. अमेरिकेतले मोठे क्लब आपल्या हाताखाली लहान क्लबांची शिडी ठेवतात. सोळा-सतरा वर्षांची मुलं जगभरातून निवडतात, खालच्या पायरीवर ठेवतात आणि एकेक पायरी वर चढवतात. जर्मनीतूनही अशी थोडी मुलं जायला लागली होती. २००७ च्या त्या उन्हाळ्यात रोहनचा ज्युनिअर संघ तीन गावांत सामने खेळणार होता, आणि एका अमेरिकन क्लबचा माणूस मुलं बघायला येणार होता. रोहनसाठी याहून मोठं काही नव्हतं. त्याच्या खोलीच्या भिंतीवर त्या खालच्या लीगमधल्या मुलांचे फोटो होते, मोठ्या खेळाडूंचे नव्हते. तो त्यांचे आकडे रोज इंटरनेटवर बघायचा.

पहिला दिवस रेगेन्सबुर्ग. गाडीनं सव्वा तास. रस्ता सुरेख, पण ऑटोबानवरच्या, म्हणजे महामार्गावरच्या, स्वच्छतागृहाला पन्नास सेंट पडतात, तेव्हा सुटी नाणी वेगळी ठेवा. मुलं संघाच्या बसनं पुढे गेली होती. आम्ही वेळेआधी पोचलो म्हणून डॅन्यूबवरचा जुना दगडी पूल पाहिला. पाणी इतक्या जोरात वाहत होतं की मला कृष्णेचा ऑगस्टमधला पूर आठवला. पुलाजवळ सॉसेजचा धूर आणि रांग असते, शाकाहारी माणसानं सरळ बेकरीत जाऊन बटर लावलेली ब्रेझेल, म्हणजे गाठ मारल्यासारखा खारा पाव, घ्यावी. एक खाल्ली की दुपारपर्यंत बघायला नको.

मैदान गावाबाहेर. ज्युनिअरच्या सामन्याला तिकीट नव्हतं. रोहन त्या दिवशी खेळला नाही, कारण पिचरला आलटून पालटून विश्रांती देतात. तो कुंपणाशी येऊन माझ्या शेजारी बसला आणि मी नियमांतलं काही विचारलं की सांगत राहिला. आधी जर्मनमध्ये. मग मला कळत नाही हे बघून मराठीत, तुटक तुटक. "हा स्ट्राइक नाही आजी, हा खाली." मी विचारलं, उद्या तू? तो म्हणाला, "गेनाऊ, बरोबर. उद्या मी. तो माणूस पण उद्या." आणि बोटांची नखं कुरतडायला लागला. यांची सवय तीच होती.

रात्री गास्टहोफमध्ये, म्हणजे साध्या घरगुती हॉटेलात, राहिलो. दोघांच्या खोलीला साठ युरो, नाश्ता धरून. नाश्त्याला दही होतं. मी वाटीभर डब्यात घेतलं, साखरेच्या दोन पुड्या पर्समध्ये टाकल्या. निखिलनं पाहिलं. म्हणाला, "आई, तिथं काही करत बसू नकोस हं. त्यांचं सगळं ठरलेलं असतं, हात कधी गरम करायचा, कधी पाणी प्यायचं." मी म्हटलं, मला भूक लागली तर असू दे.

ते खोटं होतं. यांना ऑपरेशनला नेलं त्या सकाळी पोट रिकामं ठेवायचं होतं, म्हणून मी दही-साखर दिली नव्हती. सिस्टरनं बजावलं होतं आणि तिचं बरोबरच होतं. हे परत आले नाहीत. दही दिलं असतं तर आले असते असं मी मानत नाही, तेवढं वाचन माझं झालंय. पण तेव्हापासून माझ्या समोरून कुणी महत्त्वाच्या कामाला तसंच गेलेलं मला बघवत नाही.

हायडेनहाइम तिथून दोन तास. मैदान टेकडीवर आहे, वर पोचताना धाप लागते, पण वरून सगळं खोरं दिसतं. टोपी आणि पातळ स्वेटर दोन्ही न्या, ऊन आणि वारा एकदम असतात. तिथल्या टपरीवर बटाट्याच्या काड्या अडीच युरोला आणि कॉफी चांगली. जाळीमागे घडीच्या खुर्चीवर एक गोरा, जाडसर माणूस हातात वेग मोजायचं यंत्र आणि वही घेऊन बसला होता. मुलांचे आई-वडील त्याच्याकडे न बघायचा प्रयत्न करत होते.

निखिल गाडी लावायला गेला. रोहन हात गरम करून मैदानाकडे चालला होता, कुंपणाच्या दारात मी त्याला थांबवलं. डबा बघून तो हसला. लहान असताना, किंडरगार्टनच्या पहिल्या दिवशी, मीच त्याच्या हातावर दही ठेवलं होतं, ते त्याला आठवत होतं. त्यानं डावा हात पुढे केला. मी म्हटलं, डावा नको, उजवा. तो क्षणभर थांबला, चेंडू टाकायचा त्याचा हात तोच. मग हातातला चेंडू काखेत धरला आणि उजवा तळवा पुढे केला. मी दही घातलं, वर साखर. त्यानं चाटून खाल्लं, हात पँटला पुसला, वाकून माझ्या पायाला हात लावल्यासारखं केलं आणि पळाला.

पिचर घाम टिपायला हाताला राळेची पांढरी पूड लावतात, त्याला परवानगी असते. त्याच्या तळव्यावर साखरेचा चिकटा होता, त्यात ती पूड बसली. पहिले दोन फलंदाज त्यानं पटापट बाद केले, चेंडू असा वळत होता की खुर्चीवरचा माणूस पुढे सरकून बसला. तिसऱ्याच्या वेळी समोरच्या संघाचा कोच काहीतरी ओरडला. पंचांनी चेंडू मागवला. अंगठा फिरवून पाहिला. मग रोहनजवळ गेले आणि त्याचा उजवा हात धरून वर केला. बोटांना पांढरं, चिकट काहीतरी लागलेलं मला जाळीतूनही दिसलं.

पुस्तकात त्याचं एक अख्खं पान होतं. पिचरनं त्या पुडीखेरीज हाताला किंवा चेंडूला काही लावायचं नाही, लावलं तर बाहेर, आणि पुढच्या सामन्यालाही बंदी. मी ते पान वाचलं होतं. चिकटसाठीचा शब्द मी कोशात बघितला होता.

पंचांनी काही विचारलं. रोहननं नाही म्हणून मान हलवली. त्याचा कोच धावत आला, त्यानंही विचारलं. रोहननं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मान हलवली. मग टोपी काढून तो बाहेर चालत आला. जाळीमागच्या माणसानं वहीत काहीतरी लिहिलं आणि पान उलटलं. मी पर्स मांडीवर घट्ट धरून बसून राहिले. निखिल शेजारी येऊन विचारत होता, काय झालं, काय झालं. मी म्हटलं, मला नाही कळलं.

त्या संध्याकाळी वाल्डॉर्फला निखिलच्या मित्राकडे मुक्काम होता, तिथून तिसऱ्या सामन्याचं गाव, मानहाइम, जवळ. खेळायचंच नव्हतं, म्हणून कोचनं रोहनला आमच्या गाडीत पाठवलं. अडीच तास. मी पुढे, रोहन मागे. निखिलनं विचारलं, "काय लावलं होतंस?" रोहन म्हणाला, काही नाही. "मग पंचांना स्वप्न पडलं?" निखिल तसा आवाज चढवणारा माणूस नाही, त्या दिवशीही चढवला नाही. तो फक्त थांबत थांबत बोलत राहिला. फसवून जिंकायचं असेल तर खेळायचं कशाला. एवढी वर्षं तुला घेऊन गावोगाव हिंडलो ते याच्यासाठी का. आणि शेवटी म्हणाला, "तुझे आजोबा असते तर त्यांना तोंड दाखवू शकला असतास?"

यांचं नाव निघालं तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. डबा माझ्या पायाशी पिशवीत होता. मी खिडकीबाहेर पवनचक्क्या बघत होते. सकाळी मुलगा सांगत होता आणि मी ऐकलं नाही, एवढंच कबूल करायचं होतं. सदुसष्ट वर्षांच्या बाईला तेवढं जमलं नाही. मित्राच्या बायकोनं मुगाची खिचडी आणि कढी केली होती, मी दोनदा वाढून घेतली. रोहन जेवला नाही.

सकाळी मानहाइमच्या मैदानावर पोचल्यावर मी निखिलला म्हटलं, चल कोचकडे, मी सांगते ते जर्मनमध्ये सांग. त्याला वाटलं मी नातवासाठी रदबदली करणार. कोच चुन्याच्या रेघा आखत होता. उंच, उन्हानं लाल झालेला माणूस.

मी म्हटलं, "यांना सांग, काल मॅचच्या आधी मी रोहनच्या हातावर दही-साखर ठेवली."

निखिलनं निम्मं वाक्य जर्मनमध्ये केलं आणि माझ्याकडे वळला. "काय?"

"आधी त्यांना सांग. तो डावा हात पुढे करत होता. मी उजवा करायला लावला."

त्यानं सांगितलं. जमिनीकडे बघत, एकेक शब्द. कोचनं चुन्याची गाडी उभी केली. "आल्झो," म्हणाला, म्हणजे अस्सं. मग त्यानं विचारलं, दही कशासाठी. मी कारण सांगितलं, यांचंही सांगितलं. तो हसला नाही. म्हणाला, हात मुलाचा होता, धुवायची जबाबदारी मुलाची. पण काल तिथंच कुणी सांगितलं असतं तर मी त्या अमेरिकन माणसाशी बोललो असतो. तो आज पहाटे हॉलंडला गेला.

निखिल राखीव मुलांच्या बाकावर रोहनजवळ जाऊन बसला. काय बोलले मला ऐकू आलं नाही, पण बापानं पोराच्या मानेवर हात ठेवलेला दिसला. बंदी होतीच. रोहननं सामनाभर इतरांच्या पाण्याच्या बाटल्या भरल्या.

परतीला उल्मजवळ रस्त्याचं काम होतं, घरी पोचायला पाच तास लागले. या बाजूला जाणार असाल तर रविवारी दुपारी निघू नका. आणि तिन्ही मैदानांवर सावली कमी, छत्री ठेवा.

आता मी सांगलीत आहे. निखिलनं संगणकावर मराठी लिहायला शिकवलं म्हणून हे लिहिता येतंय. त्या संघातला एकच मुलगा निवडला गेला, तो पिचर नव्हता. निखिल म्हणतो, आई, रोहनचा वेग तसाही कमी पडत होता. असेल. पण एक अख्खा सामना खेळून तो कमी पडला असता, तर त्याला ते स्वतःला कळलं असतं. आता त्याला तेही कळणार नाही.

गेल्या रविवारी फोनवर मी रोहनला विचारलं, पंचांना किंवा बाबांना तू का नाही सांगितलंस, आजीनं दिलं म्हणून. तो मराठीत बोलला, सगळं वाक्य मराठीत.

"मला वाटलं तू सांगशील. गाडीत. मी थांबलो होतो."

मी म्हटलं, हो. तो तिथल्या बर्फाचं सांगू लागला, मग फोन निखिलकडे गेला.