चिखलात रोवलेलं वल्हं

भूत, भानामती, अंगात येणं... ह्यातल्या कशावरही माझा कधी विश्वास नव्हता आणि आजही नाही. आधीच सांगून ठेवते, नाहीतर पुढचं वाचून कुणी मला अंगारा पाठवायचं! आमच्या घरी सासूबाईंनी एकदा भगत आणला होता. त्याने देवापुढे ठेवलेली बाटली आमच्या ह्यांनीच संपवली, आणि भगत रिकाम्या बाटलीकडे बघून म्हणतो कसा — "देवानं घेतली!" त्या दिवसापासून माझी ह्या सगळ्याबाबत खात्रीच झाली.

पण एक गोष्ट आहे, जी मी माझ्या कपाळाने ऐकलीय. हो, कपाळाने. ती लिहिते. शाळा मी पाहिलेली नाही, अक्षरं मोठेपणी स्वतःच गिरवून शिकले, त्यामुळे बोलते तशीच लिहिते.

लढाई चालू होती. त्रेचाळीस-चव्वेचाळीस साल असेल. आम्ही भाईंदरच्या जुन्या कोळीवाड्यात राहायचो, खाडीला लागून. मी एकोणीस-वीस वर्षांची. माझे मालक — हिराजी, आता नाव लिहायला काय हरकत आहे — मोठ्या आगबोटीवर खाली इंजिनात कोळसा मारायच्या कामाला होते. ती बोट बुडाली. दुसऱ्या बोटीने ह्यांना पाण्यातून काढलं आणि तीन महिन्यांनी हे घरी आले. अंगावर साधं खरचटलेलंही नव्हतं. शेजारणी म्हणाल्या, "नशिबाची हायस गो!"

मग ते ठोके सुरू झाले.

ठक... ठक ठक... ठक. लोखंडावर लोखंड. मला नाही हो ऐकू यायचे, फक्त ह्यांना. जेवताना हात थांबायचा — "तुला येतंय का ऐकू?" बोट बुडत होती तेव्हा खालच्या माणसांचं दार अडकलं होतं, ती आतून पान्याने पत्र्यावर मारत होती. एवढंच एकदा सांगितलं मला. "माझी पाळी व्हती. मी खाली जायचा व्हता आन ते वर यायचे व्हते. मी वरच रेंगाळलो."

ताडी प्यायली की ठोके शांत व्हायचे. ताडीने भागेना तेव्हा दारू, तीही सकाळी चहाच्या आधी. हात असे थरथरायचे की जाळ्याची एक गाठ बसेना. आणि सगळ्यात वाईट म्हणजे खाडी. "त्यांना काढतो" म्हणून हे सरळ पाण्यात चालत जायचे. दोनदा वाड्यातल्या माणसांनी ओढून आणलं. तिसऱ्यांदा कुणी बघितलं नाही तर? ह्या एका प्रश्नावर माझा दिवस उगवायचा आणि मावळायचा.

आमच्यात दामाकाका होते, ह्यांचे चुलते. ठार बहिरे. तरीही मासा कुठे आहे ते सांगण्यात त्यांचा हात कुणी धरत नव्हतं. घोळ, ढोमी हे मासे पाण्यात घुमतात, आवाज करतात. वल्ह्याचं पातं पाण्यात सोडायचं आणि दांडा कानाला लावायचा, की तो आवाज लाकडातून वर चढतो. काकांना कानाचा उपयोग नाही, म्हणून ते दांडा दातात धरायचे! लग्न होऊन आले तेव्हा मी पहिल्यांदा पाहिलं, तर सासूबाईंना विचारलं, "ह्यांना घरी जेवायला घालत नाहीत का?" माझा नातू सायन्स शिकलाय, तो म्हणतो, "आजी, हाडातून ऐकू येतं, सिम्पल आहे." बरं बाबा. तेवढं सिम्पल.

तर एक दिवस काका आमच्या ओट्यावर आले आणि ओरडले — बहिरी माणसं ओरडूनच बोलतात — "हिऱ्या, चल होडीवर! तुला देवानं कान दिलेत, जरा वापर!"

"मना न्हाय यायचं," हे म्हणाले, आणि हातानेही नाही म्हणून दाखवलं.

"त्या मेलेल्यांचं ऐकत बसतोस रातंदिस. ह्या माशांचं ऐक. हे जिते हायेत!"

मी आतून ऐकत होते. एवढं तोंडावर कुणी बोललं नव्हतं. हे उठून काकांच्या मागे गेले.

दोन तासांनी परत आले ते हसत. "अगो, ढोमी घुमते कशी, ठाव हाय? म्हशीच्या पोटात गडगडतं ना, तशी!" बोट बुडाल्यापासून मी हे हसू बघितलं नव्हतं. वल्ह्याला कान लावला की ठोके थांबायचे. पहिल्या दिवशी तेवढ्यापुरतेच. मग होडीतून उतरल्यावरही तासभर. मग दुपारपर्यंत. भरती धरून काका रोज न्यायचे. सकाळची बाटली संध्याकाळवर गेली, मग दिवसाआड झाली. एके दिवशी बघते तर हे दारात बसून जाळं विणतायत, आणि गाठी कशा, सरळ रेघेत!

हल्ली टीव्हीवर दाखवतात, दारू सोडवायच्या केंद्रात लोकांना गादीवर निजवून पितळेच्या वाट्या वाजवतात. म्युझिक थेरपी म्हणे. नात म्हणाली, "आजी, बघ किती मॉडर्न!" म्हटलं, आमच्या वेळी वाट्या नव्हत्या, ढोमी होती.

पण मासा काय आपल्यासाठी थांबतो? थंडी वाढली आणि ढोमी खोल पाण्याकडे गेली. काकांनी चार दिवस वल्हं चावलं आणि चारही दिवस मान हलवली. चौथ्या दिवशी हे जेवताना थांबले. मी म्हटलं, "आले का?" त्यांनी ताट बाजूला सारलं.

पाचव्या दिवशी दुपारी मी वाळत घातलेले बोंबील उलटून घरात आले, तर हे नाहीत. वल्हंही नाही. बाटली तिथेच होती. भरलेली. खरं सांगते, रिकामी असती तर मी एवढी घाबरले नसते.

धावत सुटले. रूळ ओलांडले, पलीकडे मिठागरं. आता जिथे जेसल पार्कच्या बिल्डिंगा आहेत ना, त्या बाजूला. एक आगरीण मीठ ओढत होती. ती म्हणाली, "तुझा घोव गेला तिकडं. वल्हं घेऊन! होडी न्हाय न् काय न्हाय, नुसतं वल्हं!"

शेवटच्या बांधापलीकडे दिसले. पूर्ण ओहोटी होती. पाणी चाळीस-पन्नास पावलं तरी लांब. ह्यांनी वल्हं पात्याकडून चिखलात रोवलं होतं आणि दांड्याला कपाळ टेकून उभे होते. मी दंड धरला. "घरी चला. पाणी कुठाय इथे? मासे कुठायत?"

"गप. टेक."

वेड्या माणसाशी वाद घालू नये म्हणून टेकलं मी कपाळ, त्यांच्या कपाळाच्या खाली.

ठक. ठक ठक. ठक.

लोखंड. लाकूड नाही, मासा नाही... लोखंड! एक नाही, बरेच जण, आपापल्या तालाने, तांबट आळीत असतात तसे. मी डोकं उचललं. वारा आणि एक टिटवी, बस्स. पुन्हा टेकलं. ठक ठक ठक. असं मी तीनदा केलं. तिसऱ्यांदा टेकलं आणि सगळे ठोके एकदम थांबले. मग एकच जण वाजवायला लागला. सावकाश, अजिबात घाई नाही. दोन... एक... दोन. आणि मग काही नाही.

ह्यांनी श्वास सोडला. एवढा लांब, की मला वाटलं सगळा माणूसच बाहेर पडतोय. "पाळी सुटली," म्हणाले, आणि चिखलात मटकन खाली बसले.

मी त्यांना हाताला धरून घरी आणलं. हे आडवे झाले ते दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत. सासूबाई तीनदा नाकाशी बोट धरून बघून आल्या. "चालू हाय गो," दर वेळी मला सांगायच्या. उठल्यावर म्हणाले, "भूक लागलीय." मी चुलीकडे तोंड करून रडून घेतलं आणि भात वाढला.

मी शांत बसणारी नव्हे. खाडीवरच्या रेल्वेच्या पुलावर काही ठोकाठोक असेल म्हणून तिथल्या गँगमनच्या बायकोला जाऊन विचारलं. त्या दिवशी पुलावर काम नव्हतं. गाडीचा आवाज म्हणावा, तर गाडी काय दोन-एक-दोन वाजवते?

त्याच वर्षी ह्यांच्या बोटीवरचे, ह्यांच्यासारखेच वाचलेले एक इब्राहिमभाई भेटायला आले, रत्नागिरीकडचे. हे मासळी आणायला गेले होते, तेवढ्यात मी हळूच विचारलं, "भाई, दोन-एक-दोन म्हणजे काय?"

ते चमकले. "तुम्हाला हिराजीने सांगितलं काय, भाभी?" मग बाकावर बोटाने वाजवून दाखवलं. टक टक, टक, टक टक. "पाळी संपली की खालचा मुकादम नळीवर वाजवायचा. म्हणजे सगळे वर निघालो, आता आराम."

मी ह्यांना नंतर विचारलं, हे मला कधी सांगितलं होतं का? म्हणाले, "न्हाय गो. मीच इसरलो व्हतो. तिथं ऐकलं तवा आठवलं."

ठोके परत आले नाहीत. हे पुढे चाळीस वर्षं जगले, दारूला शिवले नाहीत, तीन पोरांची लग्नं केली, भांडले, हसले, सगळं केलं. नातू म्हणतो, दोघांनाही एकदम भास झाला असेल. असेल बाबा. मला खुलासा करता येत नाही, आणि आता ह्या वयात कुणी करून दिला तरी तो ठेवू कुठे? बोटीच्या पोटात अडकलेली ती माणसं कुठे गेली, मला माहीत नाही. ती वर आली, एवढं मी धरून चालते.