गोपीची मेंढरं

बदनापूरच्या गोपिकाबाईंना टीव्हीवरच्या मालिकांचा भारी तिटकारा. सासवा-सुनांची भांडणं बघायला वीज कशाला जाळायची, असं त्यांचं म्हणणं. त्यांची करमणूक वेगळीच होती. नात तृप्ती कॉम्प्युटरवर कामाला बसली, की त्या शेजारी पाट टाकून बसायच्या आणि विचारायच्या, "सापडली का गं तुझी गोरी?"

तृप्तीच्या कामावर गल्लीत कुणाचा विश्वास बसत नसे. पुण्याच्या एका कंपनीसाठी ती घरबसल्या परदेशी लोकांचे पूर्वज शोधून द्यायची. सध्या अमेरिकेतल्या पेल्की नावाच्या एका म्हातारीचं काम चालू होतं. त्या बाईंना एवढंच ठाऊक होतं, की पणजोबा कॅनडातल्या फ्रेंच बोलणाऱ्या मुलखातून कापडगिरणीत मजुरी करायला आले. आणि त्या मुलखात पेल्की आडनावाचं औषधालासुद्धा कुणी सापडत नव्हतं. तृप्ती चर्चच्या जुन्या वह्यांचे फोटो चाळत बसायची. तिची फ्रेंच जन्म, बाप्तिस्मा, लग्न आणि मरण एवढ्यापुरतीच. पण गोपिकाबाईंच्या मते तेवढी पुष्कळ झाली. माणसाचं बाकीचं आयुष्य नुसती कटकट, ती कशाला कोण लिहून ठेवील?

एका संध्याकाळी गोरी सापडली. अमेरिकेत आल्यावर त्या घराण्यानं पेल्तिएचं पेल्की करून टाकलं होतं, त्यामुळं पुरुषांच्या नावानं शोधून उपयोगच नव्हता. माग लागला तो बायकोवरून. त्या मुलखातली बाई लग्न होऊन कुठंही जावो, चर्चच्या वहीत ती मरेपर्यंत बापाच्याच नावानं. पणजीचं नाव रोझाली गान्यों. अमेरिकेत पोरांच्या बाप्तिस्म्यालाही तेच, आणि तिकडं खेड्यातल्या लग्नाच्या नोंदीतही तेच. तिच्यामागं तिची आई, त्या आईची आई, अशी माळ लागत थेट फ्रान्सहून जहाजानं येऊन उतरलेल्या पहिल्या बाईपर्यंत तृप्ती जाऊन पोचली. पेल्कीबाई फोनवर रडल्या म्हणे.

गोपिकाबाई मात्र त्या दिवशी गप्प झाल्या, आणि त्या गप्प झाल्या की घरात सगळ्यांना धास्ती वाटे.

"काय झालं आज्जी?" तृप्तीनं विचारलं.

"काय व्हायचंय? सातासमुद्रापल्याडच्या बाईची पणजी सापडली. इथं घरातल्या म्हातारीची आई कोण, ते बिलकुल कुणाला ठावं न्हाई."

बोलणं टोमण्याचं होतं, पण दुखणं जुनं होतं. गोपिकाबाई मांडीवर होत्या तेव्हाच त्यांची आई गेली. वडील आबाराव यांनी मेंढरं सोडून शेती धरली आणि द्वारकाबाईशी दुसरं लग्न केलं. द्वारकाबाईनं या पोरीला इतकं जपलं, की लग्न ठरेपर्यंत ती आपली सख्खी आई नव्हे हे गोपिकाबाईंना कळलंसुद्धा नाही. सावत्र आईच्या गोष्टी सांगून रडणाऱ्या बायकांत बसायची त्यांना कधी सोय नव्हती. पण कळल्यापासून एक काटा सलत राहिला. त्या आईलाही माहेर असेल, भाऊ असतील. मग इतक्या वर्षांत त्यांतल्या एकालाही वाटू नये, की आपल्या लेकीची लेक जिवंत आहे का मेली? शहात्तरी ओलांडली तरी एवढं एकच त्यांना हवं होतं. माझी कुणी चौकशी केली होती का?

आबाराव या बाबतीत तोंडाला कुलूप लावून गेले. त्यांच्याकडून दोनच गोष्टी कळल्या होत्या. आईचं सासरी ठेवलेलं नाव लक्ष्मी, आणि ती हसनाबादच्या बाजूची, मेंढरंवाल्यांची.

तृप्तीनं आधी कागद धुंडाळले. जुने कागद मिळाले ते निजामाच्या वेळचे, उर्दूत. ते वाचून घेतले तर त्यांत जमीनवाल्या पुरुषांची नावं, आणि मेंढरांमागं फिरणाऱ्यांची तर पुरुषांचीही नाहीत. शेवटी ती म्हणाली, "चल आज्जी, आपण जाऊनच विचारू."

जालन्याला गाडी बदलून दोघी हसनाबादला उतरल्या. दिवसभर या वस्तीवरून त्या वस्तीवर फिरल्या, सगळीकडे चहा झाला आणि माहिती मात्र कुठंच मिळाली नाही. उन्हं कलताना त्या गावाबाहेरच्या एका घरी पोचल्या. मेंढरं अजून राखून असलेलं तिथं तेवढंच घर उरलं होतं. घरमालक काकासाहेब सत्तरीचे, मिशा अजून तोऱ्यात. तृप्तीनं विचारताच त्यांनी आज्यापणज्यांपासून सात पिढ्या घडाघडा म्हणून दाखवल्या. त्यांत बाई एक नव्हती.

"आणि पोरी?" तृप्तीनं विचारलं.

"पोरीची नावं कोण ध्यानात ठेवून राह्यलं? दिल्या घरी गेल्या."

"एक बदनापूरकडं दिली होती का? लक्ष्मी नावाची?"

"लक्ष्मी आमच्यात कुणीच न्हाई. बराबर सांगतो. माझ्या जन्माच्या आधीचं काही असलं, तं ते सांगणारे गेले."

संपलं. गोपिकाबाई ओट्यावर पाय सोडून बसल्या. त्यांना काकासाहेबांचा राग आला, तृप्तीचा आला, पेल्कीबाईंचा तर फारच आला. चांगलं घरी पडून राहायचं सोडून म्हातारपणी ही हौस कुणी सांगितली होती?

तेवढ्यात मेंढरं परत आली. एकच कल्लोळ उठला. कोंडलेली कोकरं सुटली, आणि काकासाहेबांची सून बेबीनंदा एकेक कोकरू उचलून ज्याच्या त्याच्या आईखाली लावायला लागली. "हे भुरीचं... हे चांदीचं, तिकडं घे... अन् हे गोपीचं. गोपीचं हिकडं आण."

गोपिकाबाईंची मान वळली. लहानपणी त्यांना गोपीच म्हणत.

"गोपी कोण गं?" त्यांनी विचारलं.

"ही मेंढी, आत्याबाई. हिची आई बी गोपीच, तिची आई बी गोपीच. मेंढराला आईवरूनच वळखतात न्हाई का? बाप कोण ध्यानात ठेवतं त्याचा." बेबीनंदा हसली. "ही गोपीची मेंढरं इकायची न्हाईत आमच्यात. भाचीची हायेत."

"कुणाच्या भाचीची?"

"ते मामंजीला इचारा."

काकासाहेबांना कौतुकानं सांगण्यासारखा विषय मिळाला. त्यांची आजी होती, तिची लेक सारजा. सारजाला मुलगी झाली तेव्हा बारशाला आजीनं पोरीच्या नावानं एक कोकरी सोडली, आणि पोरीचंच नाव तिला ठेवलं. पुढं सारजा गेली. आजी मरताना मुलाला, म्हणजे काकासाहेबांच्या बापाला, आणि सुनेला सांगून गेली, की सारजाची गोपी कवातरी येईल, तिचं तिला द्यायचं, तवर ही पिलावळ मोडायची नाही. "बहात्तरच्या दुष्काळात बापानं सगळी इकली. घरात खायला दाणा नव्हता. पण ही एक ठेवली. मायनं आपल्या वाटची भाकर खाऊ घातली तिला."

तृप्तीनं हळूच विचारलं, "सारजाला कुठं दिलं होतं?"

"आबाराव म्हणून होते, बदनापूरकडचे..." आणि काकासाहेब थांबले. त्यांनी ओट्यावरच्या म्हातारीकडे पाहिलं. "बाई, तुमचं नाव काय?"

दिवसभर तृप्ती सगळीकडे "ही माझी आज्जी" एवढंच सांगत आणि फक्त लक्ष्मीचं विचारत आली होती. तसं कुणी म्हाताऱ्या बाईचं नाव विचारतही नाही.

"गोपिका," त्या म्हणाल्या. "आबारावची."

काकासाहेब उठून उभे राहिले. त्यांना पहिल्यांदा ओशाळल्यासारखं झालं. "तुम्ही मंग आधी मेंढराचं इचारायचं ना. मी सगळं सांगितलं असतं."

गोपिकाबाईंना हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले, ते त्यांनी पुसलेही नाहीत. आईचं नाव सारजा. ते नाव त्यांनी तोंडातल्या तोंडात दोन-तीनदा म्हणून पाहिलं. मग इतकी वर्षं सलत राहिलेला प्रश्न विचारला. "कुणी कधी आलं न्हाई मला बघायला?"

"आज्जी दोनदा आल्ती तुमच्या गावाला. तुमच्या बापानं हात जोडले म्हणे. पोर आत्ता कुठं नव्या आईला बिलगली, तिला काही कळू देऊ नका म्हणाले. आज्जीनं झाडाखाली उभं राहून लांबून बघितलं. नवी आई तुमची येणी घालून राह्यली होती. मंग परत फिरली. रस्ताभर रडली, पण घरी येऊन म्हणली, पोर सुखात हाये."

आपल्या वाट्याला एक आई आली असं गोपिकाबाईंनी जन्मभर धरलं होतं. एक पोर सुखात राहावी म्हणून किती जणांनी आपापलं दुःख गिळलं, ते आज कळलं. बापानं, द्वारकाबाईनं, त्या झाडाखालच्या आजीनं, आणि जिनं त्यांचं तोंडही पाहिलं नव्हतं त्या भाकर घालणाऱ्या मामीनं. कुणाकुणाचे उपकार मानायचे? त्यांनी मेंढरांच्या दिशेनं हात जोडले, तेवढंच त्यांना सुचलं.

बेबीनंदानं गोपीचं कोकरू आणून त्यांच्या मांडीवर ठेवलं. काकासाहेब मोजणीला लागले होते. "चांगली वीस-बावीस भरतील, अक्का. उद्या टेम्पो सांगतो. अमानत होती, आता मालकीण आली."

"अन् बदनापूरला दोन खोल्यांत कुठं बांधू? कॉम्प्युटरला?" गोपिकाबाईंचा आवाज ठिकाणावर आला होता. "राहू द्या इथंच."

"असं कसं? तुमची हायेत."

"माझीच हायेत, म्हणून तं म्हणते. माहेरी बाईचं काहीतरी असू द्यावं."

बेबीनंदानं विचारलं, "मंग दिवाळीला येणार का, आत्या?"

गोपिकाबाईंनी कोकराच्या कानामागं खाजवलं. आजवर कुणी त्यांना आईच्या माहेरून दिवाळीला बोलावलं नव्हतं.

"येणार न्हाई तं काय," त्या म्हणाल्या. "माझी मेंढरं हायेत इथं."