जादू काढलेली गोष्ट

मॅब्रींच्या घरातल्या शाळेचं नाव भलतंच भारदस्त होतं. ‘ऑलिव्ह शाखा अकादमी.’ प्रिन्सिपल डेलीन मॅब्री, शिक्षिका डेलीन मॅब्री, आणि हे नाव ज्या कागदांवर छापलेलं होतं ते कागद छापणारीही डेलीनच. विद्यार्थी पाच, पाचही तिच्याच पोटचे. वर्ग जेवणाच्या टेबलावर भरायचा. अमेरिकेतल्या मिझुरी राज्याचा कायदा वर्षाला हजार तास शिकवल्याची नोंद मागतो, आणि नोंदीत डेलीन कधी कमी पडली नाही. बिस्किटं भाजली की गणिताचे दोन तास, कोंबडीनं पिल्लं काढली की जीवशास्त्राचा अख्खा आठवडा, धाकट्याला आंघोळ घातली की गृहविज्ञान. थोरल्या तिर्झाचे गृहविज्ञानाचे तास एवढे झाले होते की तिला डॉक्टरेटच द्यायला हवी होती.

तिर्झा आयुष्यात शाळेची पायरी चढली नव्हती. पण वाचायला ती चौथ्या वर्षी शिकली, आणि अकराव्या वर्षी लिहायला बसली ती उठलीच नाही. राजकन्या, जंगलं, शापित भाऊ, काचेचे डोंगर. जुन्या परीकथा घ्यायच्या आणि आपल्या पद्धतीनं पुन्हा सांगायच्या, हा तिचा नाद. चौदाव्या वर्षी पहिलं पुस्तक इंटरनेटवरून छापून आलं, त्यानंतर आणखी दोन. आसपासच्या चार काउंट्यांतल्या, घरीच शिकणाऱ्या मुली ती पुस्तकं एकमेकींना देऊन देऊन फाडून टाकत. डेलीनला लेकीचा अभिमान होता, तो खोटा नव्हता. फक्त त्या अभिमानाला एक अट होती.

अट म्हणजे, जादू नको. जादू म्हणजे सैतानाचं काम मानणाऱ्या या चर्चच्या लोकांत पुस्तक विकत घेण्याआधी आया पहिला प्रश्न विचारतात तो हाच. “जादूबिदू नाही ना यात?” आणि डेलीन छातीवर हात ठेवून सांगायची, “थेंबभरसुद्धा नाही.” कारण थेंब न् थेंब तिनं लाल पेन्सिलीनं टिपून काढलेला असायचा. तिच्या हाताखालून गेलं की परीची लांबची आत्या व्हायची, बोलणाऱ्या लांडग्याचा लबाड वकील व्हायचा, शंभर वर्षांच्या झोपेचा तीन दिवसांचा ताप. तिर्झा आधी रडायची, मग हसायची, मग तिला त्यात गंमत वाटू लागली. जादू काढली की तिथं एक भोक पडतं आणि ते भरायला खरा माणूस शोधावा लागतो. लिहिणं ती त्यातच शिकली, हे मान्य करावंच लागतं.

अठरावं लागलं तेव्हा तिनं कुणाला न सांगता राज्याच्या दुसऱ्या टोकाच्या एका लहानशा कॉलेजला आपल्या दोन गोष्टी पाठवल्या. मार्चमध्ये पत्र आलं. तिथं लेखन शिकवणाऱ्या बाईंनी हातानं लिहिलं होतं की तू ये, तुझी आम्हाला गरज आहे. फीचीही सोय केली होती. एकच कागद हवा होता, एक मेच्या आत: चार वर्षांचं गुणपत्रक, शाळेच्या प्रमुखाच्या सहीचं.

तिर्झानं पत्र शाळेच्या प्रमुखांपुढे ठेवलं. त्या बटाटे सोलत होत्या.

“बघू,” डेलीन म्हणाली.

“आई, एक मे म्हणजे फार दिवस नाहीत.”

“बघू म्हटलं ना. आधी मेळाव्याचं पुस्तक पुरं कर. एप्रिलचा मेळावा झाला की निवांत बसून तुझे कागद करू. आणि तू गेलीस तर या चौघांना अपूर्णांक कोण शिकवणार, तेही लिहून ठेव कुठंतरी.”

या घरात ‘बघू’चा अर्थ बहुतेक वेळा ‘नाही’ असा व्हायचा. पण क्वचित ‘हो’ही व्हायचा, आणि तिर्झा त्या क्वचितवर जगत होती.

चौथं पुस्तक होतं मनोऱ्यातल्या मुलीचं. मनोरा, वर एक मुलगी, खाली एक म्हातारी चेटकीण, आणि दारावर मंत्र. डेलीननं पहिली पाच प्रकरणं वाचली आणि चेटकिणीवर मारलेली लाल रेघ पानाच्या पाठीमागं उमटली.

“चेटकीण नको.”

“मग मुलगी मनोऱ्यात राहील कशी? मंत्रच नसेल तर दार उघडंच आहे की.”

“तू लेखिका ना? मग कर विचार.”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तिर्झानं विचार केला. चेटकीण काढली आणि तिच्या जागी नुसती एक बाई ठेवली. दाराला कुलूपसुद्धा ठेवलं नाही. मग ती बाई मुलीला कशानं धरून ठेवील? तिर्झाला फार लांब जावं लागलं नाही. बाई सूप करते. मुलीचे केस विंचरते. अक्षरं शिकवते, आणि चांगली शिकवते. बाहेरचं जग कसं आहे ते सांगते. म्हणते, तू किती नाजूक आहेस ते मलाच ठाऊक. म्हणते, जायचंय तर जा हो, मी कुठं अडवलंय, फक्त माझ्या कोंबड्यांना उद्यापासून दाणे कोण घालणार तेवढं सांगून जा. मुलगी दारापर्यंत जाते आणि परत फिरते, शंभर पानं. शेवटच्या पानावर ती बाहेर पडते. बाई उंबऱ्यात उभी राहते आणि हाक मारत नाही.

मुद्दाम लिहिलं का? निम्म्यापर्यंत नाही. निम्म्यानंतर तिला कळलं होतं, आणि तरीही ती थांबली नाही.

डेलीननं अख्खं हस्तलिखित एका बैठकीत वाचलं. लाल पेन्सिल उचललीसुद्धा नाही. मग चार दिवस ती तिर्झाशी फक्त मीठ आणि किल्ल्या मागण्यापुरतं बोलली. पाचव्या दिवशी दोघी मागल्या अंगणात कांद्याची रोपं लावत होत्या.

“ती बाई मी आहे,” डेलीन खाली बघतच म्हणाली.

“आई, चेटकीण काढ असं तूच म्हणालीस.”

“चेटकीण परवडली असती!” तिनं खुरपं मातीत रोवलं. “तुला मी घरात जन्म दिला. ज्या टेबलावर जेवलीस त्याच टेबलावर तुला वाचायला शिकवलं. माझ्या बहिणी नोकऱ्या करून घरं बांधत होत्या, मी तुझी वाक्यं दुरुस्त करत होते. आणि तू मला सगळ्या चर्चपुढं सूप ढवळताना उभी केलीस?”

तिर्झाच्या डोळ्यांत पाणी आलं. हे सगळं खरं होतं, आणि पुस्तकही खरं होतं.

“काय करू मग?”

“ती परत येते. स्वतःहून. बाहेर जाते, बघते, आणि तिला कळतं की घर ते घर. तेवढं लिही. मग गुणपत्रक करते. टाइपच तर करायचंय, अर्ध्या तासाचं काम.”

बापाला तिनं ट्रकमध्ये गाठलं. ट्रॉय मॅब्री लोकांच्या सेप्टिक टाक्या बसवायचा आणि घरातल्या कुठल्याही भानगडीत झाकण उघडायचं नाही, हे तत्त्व पाळायचा. त्यानं पुस्तक वाचलं नव्हतं. लेकीकडून सगळं ऐकून घेतलं आणि रेडिओ बारीक केला.

“खाई त्याला खवखवे,” तो म्हणाला. “पण हे तिला कोण सांगणार? मी तर नाही बुवा. लिहून टाक गं बेटा. गोष्टच तर आहे. सही घे आणि सुट.”

तिलाही ते पटलं. गोष्टच तर आहे. तीन सकाळी बसून तिनं नवा शेवट लिहिला. इथं ती चुकली, आणि चूक तिच्या अंगच्या गुणाचीच होती. तिला वाईट लिहिता येत नव्हतं. तिनं रस्ता लिहिला, पाऊस लिहिला, परक्या गावातले बंद दरवाजे लिहिले, आणि परत आलेल्या मुलीला मनोऱ्याच्या पायऱ्या चढवल्या. आजवर तिनं लिहिलेलं सगळ्यात सुंदर प्रकरण ते होतं, आणि त्यातला एक शब्दही तिच्या मनातला नव्हता.

मेळावा चर्चच्या व्यायामशाळेत भरला. बास्केटबॉलच्या रेघांवर टेबलं मांडलेली, टेबलांवर वापरलेली गणिताची पुस्तकं, लाकडी खेळणी, घरचा जॅम. लांब डेनिमचे स्कर्ट, कडेवर पोरं. तिर्झाच्या टेबलामागं तिच्याच फोटोचा फलक होता आणि खाली लिहिलं होतं, ‘घरी शिकलेली लेखिका’. फलक डेलीनचा. तिर्झाला वाटत होतं, आज संध्याकाळी सही, उद्या टपालात, एक मेला अजून नऊ दिवस.

दुपारी डेलीन माइकपाशी गेली. तिनं शेवटचं पान वाचून दाखवलं, आणि वाचताना तिचा आवाज खरोखर फुटला. पुढच्या रांगेतल्या बायकांनी डोळे पुसले. मग तिनं पुस्तक मिटलं.

“पुष्कळ जणी मला विचारतात, तिर्झा आता कॉलेजात जाणार का? मी तिच्यावर कधी जबरदस्ती केली नाही. दार उघडंच आहे. पण तिचं उत्तर तिनं स्वतःच्या हातानं लिहिलंय, आणि ते तुम्ही आत्ता ऐकलंत.”

टाळ्यांनी व्यायामशाळा दणाणली. डेलीन टेबलाशी परत आली तशी तिर्झानं तिचा दंड धरला.

“आई, असं ठरलं नव्हतं. गुणपत्रक?”

“आता कशाला गं?” डेलीनच्या चेहऱ्यावर लबाडीचा लवलेश नव्हता, उलट इतका आनंद होता की तिर्झाला बघवेना. “मी वाचलंय ना ते. चार वेळा वाचलंय. इतकं आतून आलेलं कुणाला खोटं लिहिता येईल का?”

येतं, असं म्हणायचं होतं. पण म्हटलं तर समोर टाळ्या वाजवणाऱ्या दोनशे लोकांना सांगावं लागत होतं की मी खोटं लिहिलं, कागदाच्या लोभानं लिहिलं, आणि देवाच्या घरात ते वाचू दिलं. या लोकांत घर सोडून जाणाऱ्या मुलीला एक वेळ माफी आहे, खोटं बोलणारीला नाही. आणि न बोलावं तर खोटं तेच खरं ठरत होतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आपल्याच पायावर धोंडा पाडून घेऊन ती तिथं लंगडत उभी होती, आणि टेबलापुढं रांग लागली होती.

तिनं सह्या केल्या. दहा, वीस, तीस. मग रांगेत मार्लिस हॅगर्टी आली, डेअरीवाल्यांची. तिनं पुस्तक पुढं सरकवलं.

“आमच्या केझियासाठी गं. सतरावं लागलंय आणि सारखं नर्सिंग, नर्सिंग. डोकं खाल्लंय नुसतं. तुझ्या आईनं वाचलं आणि मी म्हटलं, बास, हेच हिला वाचायला द्यायचं. माझं ऐकत नाही, तुझं ऐकेल. तुझ्या तीनही पुस्तकांची पारायणं केलीत हिनं.”

केझिया आईच्या मागंच उभी होती. उंच, लाल हातांची, गाईंची धार काढून काढून बोटं सुजलेली. ती आईच्या खांद्यावरून तिर्झाकडं बघत होती, आणि बघण्यात विनवणी होती.

तिर्झानं लिहिलं, ‘केझियाला, प्रेमपूर्वक.’ पेन तिथंच अडलं. डेलीन कोपरापाशी उभी होती, हसतमुख.

“तिर्झा,” केझियानं हळूच विचारलं, “हे तू खरंच तुझ्या मनानं लिहिलंस?”

तिर्झानं सही पुरी केली, पुस्तक मिटलं, आणि तिच्या हातात देत म्हणाली, “हो.”